वाइनच्या टेबलावर कापूसवाली

(परभणी जिल्हा मेळाव्यात एका महिला कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मघाशी माझ्या भाषणाचा विषय माइकवरून सांगितला तेव्हा मागच्या सतरंजीवरच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या. मी इथून बघितलं. हसा, हसण्यासारखंच आहे. २०११ साली ज्या बाईनं गावातल्या देशी दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यायला लावलं, घरोघर फिरून आडव्या बाटलीवर शिक्का मारा म्हणून सांगितलं, तीच बाई आज सांगणार की मी नाशिकला वाइन चाखायला गेले होते. नव्या पोरींसाठी सांगते, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींचा शिक्का आडवीवर पडावा लागतो. जी बाई मतदानाला आलीच नाही तिचं वजन दुकानाच्या बाजूनंच पडतं, म्हणून आम्ही दोन आजारी बायांना बैलगाडीत घालून आणलं होतं. माझा थोरला दीर दारूनं गेला. तेव्हा दारूचं कौतुक करायला मी उभी नाही, हे आधीच बोलून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमच्या मनात किंतु राहणार नाही.

तर झालं असं. गेल्या फेब्रुवारीत आम्ही अकरा जण, सात बाया आणि चार गडी, दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स बघायला गेलो होतो. २०१० साली उभी राहिलेली शेतकऱ्यांची कंपनी आहे. शेतकऱ्यांची द्राक्षं परदेशात पाठवते. ते काम एवढं मोठं आहे की त्यावर वेगळं बोलावं लागेल. माझा एक भाचा त्याच भागात एका वाइनरीत कामाला आहे. वाइनरी म्हणजे वाइनचा कारखाना, पण तिथे कारखाना म्हणायची पद्धत नाही. तो म्हणाला, "मावशी, एवढ्या लांब आलात तर आमचं टेस्टिंग बघून जा." आमच्यातल्या पाच जणांनी कानाला हात लावला आणि ते मळा बघायला गेले. सहा जण आत बसलो. माणशी सहाशे रुपये. सहाशे रुपये म्हणजे आपल्याकडं बाईची दोन दिवसांची मजुरी, आणि ती मोजायची कशासाठी, तर त्यांचाच माल त्यांच्याच घरात जाऊन चाखण्यासाठी! मोंढ्यात आपण आपला कापूस घेऊन जातो, तर तो आत नेण्यासाठी खर्च आपण करतो. इथे गिऱ्हाईक पैसे देऊन दारात येतं, चाखतं आणि जाताना बाटल्या विकत घेऊन जातं. हे मला पहिल्याच मिनिटाला खटकलं आणि शेवटपर्यंत खटकत राहिलं.

हे सगळं फार जुनं नाही. आपल्या राज्यात १९८० च्या दशकात नारायणगावला फेसाळणारी वाइन व्हायला लागली. नाशिकला गंगापूर धरणाजवळ सुला नावाची वाइनरी निघाली, तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य शासनानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, अबकारी करात सूट दिली, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क काढले. २००५ साली सुलानं चाखण्याची खोली लोकांसाठी उघडली. त्यानंतर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे लागायला लागली. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत एका पिकाभोवती एवढं उभं राहिलं. आपला कापूस त्याच्या कितीतरी आधीपासून जगाच्या बाजारात आहे.

आता खोलीत काय झालं ते सांगते.

लांबलचक लाकडी टेबल. खिडकीतून खाली मळा दिसतो, वेलींच्या सरळ ओळी, ओळीच्या तोंडाशी गुलाबाचं झाड. गुलाब शोभेला लावलाय असं मला वाटलं. भाचा म्हणाला, ही जुनी युरोपातली रीत आहे, गुलाबावर भुरी आधी दिसते, मग द्राक्षावरच्या भुरीची चाहूल लागते. प्रत्येकापुढं पाच ग्लास, एक पाण्याचा, आणि मधोमध एक भांडं. मी विचारलं, हे कशाला? माहिती सांगणारी पोरगी हसून म्हणाली, "काकू, गिळायचं नसेल तर घोट तोंडात फिरवून यात टाकायचा." पिकदाणीच म्हणा की! मला तर सुटल्यासारखं झालं. पाचही वेळा मी तेच केलं. जे धंद्यानं वाइन चाखतात ते दिवसभरात कितीतरी वाइन चाखतात आणि अशीच टाकून देतात, नाहीतर दुपारपर्यंत आडवे होतील. चाखणं आणि पिणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला त्या भांड्यानं शिकवलं.

ग्लास देठाला धरायचा, पोटाला नाही, कारण हाताच्या उबेनं वाइन तापते. आधी उजेडात रंग बघायचा. मग ग्लास गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. मग नाक आत घालायचं. मग छोटा घोट, जिभेवर सगळीकडं फिरवायचा. हलकी आधी, जड नंतर. पांढरी आधी, लाल नंतर. गोड सगळ्यात शेवटी. पांढरी गार देतात, आठ-दहा अंशाला. लाल जरा कमी गार, सोळा-अठरा अंशाला. क्रम उलटा केला तर जड चवीपुढं हलकी चव मरते. आपण पंगतीत श्रीखंड आधी वाढून मग वरणभात देत नाही, तसंच.

पहिली फेसाळणारी होती. ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, तो फेस म्हणजे आंबताना झालेला आणि बाटलीत कोंडलेला वायू. तिच्याबरोबर तळलेलं काहीतरी दिलं, आपल्या भज्यासारखं. आंबट आणि फेसाळ घोट तेलकटपणा धुऊन नेतो. दुसरी पांढरी, सोव्हिन्यॉ ब्लां नावाच्या द्राक्षाची. पोरगी म्हणाली, वास घ्या आणि काय आठवतं ते सांगा, चूक-बरोबर काही नाही. पुण्याहून आलेलं एक जोडपं होतं, ते म्हणालं पेरू, ढोबळी मिरची. पोरगी मान हलवत होती. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बाई, मला कडवळ कापल्यावर येतो तो वास येतोय." तिला कडवळ माहीत नव्हतं. मी सांगितलं, हिरवी ज्वारी, जनावरांसाठी कोवळी कापतात ती. विळा फिरला की ओल्या ताटाचा जो वास सुटतो तो. तिनं परत ग्लास नाकाशी नेला, थांबली, आणि म्हणाली, "अगदी बरोबर. आमच्या पुस्तकात याला कापलेलं गवत म्हणतात." आणि तिनं तिच्या वहीत कडवळ हा शब्द लिहून घेतला. भावांनो, पंचवीस वर्षं मी कापूस विकतेय, ज्वारी विकतेय. माझ्या नाकावर, माझ्या जिभेवर विश्वास ठेवून विक्रीच्या टेबलावर कोणी काही लिहून घेतलं, अशी ती पहिली वेळ.

तिसरी शेनिन ब्लां, किंचित गोडसर. चौथी शिराझ, लाल, लाकडाच्या पिंपात ठेवलेली. हिच्या वासात मिरे होते, खरंच मिरे, कोणी घातलेले नाहीत, त्या द्राक्षाच्या सालीतच ते असतं. घोट घेतला आणि तोंड कोरडं पडलं, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. तो तुरटपणा साल आणि बियांमधून येतो. मला वाटायचं लाल द्राक्षाचा रस लाल असतो. तसं नाही, काळ्या द्राक्षाचा गरही आतून पांढराच. पांढरी वाइन करताना द्राक्षं आल्या आल्या दाबून रस काढतात आणि साल बाजूला टाकतात. लाल करताना सालीसकट आंबवतात, रंग आणि तुरटपणा सालीचा. यीस्ट साखर खातं, तिचा मद्यार्क होतो. बावीस-चोवीस ब्रिक्सची, म्हणजे तेवढे टक्के साखरेची द्राक्षं असली की साधारण बारा-तेरा टक्के मद्यार्क होतो. आपल्याकडच्या देशी दारूत तो बेचाळीस टक्क्यांच्या पुढं असतो. हा फरक मोठा आहे, पण म्हणून वाइन म्हणजे सरबत नाही. पुण्याचे ते गृहस्थ म्हणायला लागले की लाल वाइन हृदयाला चांगली. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्येच स्पष्ट सांगितलंय की मद्याचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, कर्करोगाचा धोका पहिल्या घोटापासूनच धरला पाहिजे. मी तसं त्यांना बोलले. त्यांना आवडलं नाही. त्या पोरीनं मात्र वाद घातला नाही, तिनं पाण्याचे ग्लास भरले.

चवथीबरोबर पनीर आणि चीजचे तुकडे दिले. स्निग्ध आणि मिठाचा पदार्थ तोंडात असला की तुरटपणा मऊ होतो, हे खरंच जाणवतं. मग मी माझ्या पिशवीतला डबा काढला. प्रवासाचं जेवण होतं, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. मी लाजत विचारलं, याच्याबरोबर काय जातं? पोरगी खुर्ची ओढून बसलीच. ठेचा आणि शिराझ घेतलं आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचा जाळ तुरटीनं आणखी भडकतो. ठेचा आणि ती गोडसर शेनिन घेतली, तर जाळ खाली बसला, जसा आपण भाकरीवर गुळाचा खडा घेतो तसा. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर शिराझ बरी लागली, शेंगदाण्याच्या तेलानं तुरटपणा खाल्ला. आणि कोरडी भाकरी प्रत्येक घोटाच्या मध्ये तोंड साफ करायला. ती म्हणाली, आम्ही यासाठी बेकरीतली बिस्किटं आणतो, भाकरी चांगली की! पाचवी शेवटची वाइन, वेलीवर उशिरापर्यंत ठेवून साखर वाढवलेल्या द्राक्षांची, ती मधासारखी होती, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

मध्येच तिनं एक गोष्ट सांगितली ती ऐका. १९७६ सालच्या मे महिन्यात पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर नावाच्या एका इंग्रज वाइन व्यापाऱ्यानं चाचणी ठेवली. फ्रान्सच्या नावाजलेल्या वाइन आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाइन. परीक्षक फ्रान्समधले नामवंत. बाटल्यांवरची नावं झाकलेली. सगळ्यांनी धरून चाललं होतं की अमेरिकेचा निभाव लागणार नाही. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यातही आणि लालमध्येही पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा. त्या द्राक्षांची चव त्या दिवशी वाढली नव्हती, आदल्या दिवशीही ती तशीच होती. फक्त नाव झाकलं आणि जिभेला बोलू दिलं.

टेस्टिंग संपल्यावर आम्ही बाहेर आलो. गेटजवळ द्राक्षांच्या क्रेट घेऊन ट्रॅक्टर उभे होते, तोडणीचे दिवस होते. तिथे एका शेतकऱ्याशी बोलणं झालं. त्यांचा वाइनरीशी करार आहे. हातातल्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रानं रसाच्या थेंबाची साखर बघतात, त्यावर भाव. त्यांनी सांगितलं, यंदा किलोला पंचेचाळीस-पन्नासच्या दरम्यान पडतोय. मी विचारलं, उतारा किती? ते म्हणाले, "ताई, इथे उतारा वाढवायचा नसतो. खायच्या द्राक्षाच्या निम्म्यानंच माल घ्यायचा. घड जास्त झाले तर तोडून टाकायला लावतात, नाहीतर रस पातळ होतो." आपल्याला आयुष्यभर सगळ्यांनी एकच सांगितलंय, एकरी क्विंटल वाढवा. कमी पिकवा म्हणून सांगणारा आणि त्याचे पैसे देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मी दोन मणी तोडून खाल्ले. बारीक, जाड सालीचे, बियांचे, पण गोड एवढे की घसा खवखवला.

मी त्यांना विचारलं, दादा, वर खोलीत तुमच्या द्राक्षाची वाइन कधी चाखलीत का? ते म्हणाले, "आमचं काम गेटपर्यंत." किती वर्षं झाली माल घालताय? म्हणाले, अकरा. अकरा वर्षांत वरच्या टेबलावर बसले नाहीत. पीत नाही म्हणून नव्हे, कोणी बोलावलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

मग त्यांनी मागचं सांगितलं. २००५ च्या पुढं वाइनच्या द्राक्षाची लाट आली होती. त्यांच्या भावानं खायच्या द्राक्षाची बाग मोडून वाइनची लावली. २००८ साली जगात मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप घसरला. टाक्या भरलेल्या, नवा माल घ्यायला कोणी तयार नाही. ज्या कंपनीशी करार होता तिनं माल नेला आणि पैसे रखडवले. खायचं द्राक्ष असतं तर हातगाडीवर तरी विकलं असतं. बियांचं आंबटगोड बारीक द्राक्ष कोण खाणार? भावानं वेली मुळासकट काढल्या. कराराचा कागद अजून घरात आहे म्हणाले. आपल्यात आज दोघे-तिघे तरुण बसलेत ज्यांनी मला विचारलं की ताई, आपल्याकडं वाइनची द्राक्षं होतील का? त्यांना मी एवढंच सांगते, आधी त्या गेटवर एक दिवस उभे राहा. ज्या पिकाला एकच गिऱ्हाईक असतं त्या पिकाचा मालक तेच गिऱ्हाईक असतं.

रात्री मुक्कामावर मी हिशेब मांडला. पाऊण लिटरच्या एका बाटलीला सव्वा किलोच्या आत-बाहेर द्राक्षं लागतात. म्हणजे शेतकऱ्याला बाटलीमागं पंचावन्न-साठ रुपये. बाटली नऊशेची. मग मी आपलं बघितलं. एका शर्टाला पाव किलोच्या आसपास रुई धरली, क्विंटल कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, म्हणजे शर्टाला पाऊण किलो कापूस. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये, तोही मिळाला तर. म्हणजे शर्टामागं साठ रुपये. शर्ट हजाराचा. बघा, बाटलीतही साठ, शर्टातही साठ! मला वाटलं होतं वाइनवाला शेतकरी आपल्यापेक्षा फार पुढं असेल. तो पाण्यानं पुढं आहे, ठिबकनं पुढं आहे, पण साठ रुपयांवर आपण दोघं सारखेच उभे आहोत. उरलेले सगळे पैसे टाक्यांत, लाकडी पिंपांत, करात, वर्ष-दोन वर्षं माल धरून ठेवण्यात आणि त्या लाकडी टेबलावर आहेत. त्यातलं टेबल सगळ्यात स्वस्त.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याचं समर्थन कुणाच्या नावानं झालं? शेतकऱ्याच्या. पुढं विरोध झाला आणि तो निर्णय बासनात गेला. तेव्हा आमच्यात दोन तट पडले होते, मी विरोधात होते, काही भाऊ बाजूनं होते, आणि अजूनही ते भाऊ इथेच बसलेत. माझं मत बदललेलं नाही. पण गेटवरच्या दादांशी बोलल्यावर एक विचार मनात आला की आपण दोन्ही तटांतली माणसं वाइन कुठं विकावी यावर भांडत होतो. त्या दादांना वरच्या टेबलावर कोण बसवणार, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता आपल्या मोंढ्यात चव कशी घेतात ते तुम्हाला माहीतच आहे. गाडीवर माणूस चढतो, मुठीत कापूस घेतो, दोन बोटांनी धागा ओढतो, आणि "चला" म्हणून भाव फुटतो. दहा सेकंद. सरकारी खरेदीत ओलावा मोजायचं यंत्र असतं, आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. ते तरी यंत्र आहे. पण धाग्याची लांबी, त्याची ताकद, त्याचा बारीकपणा हे सगळं पुढं जिनिंगनंतर गाठीच्या नमुन्यावर मोजलं जातं, तेव्हा तो कापूस कुणाच्या शेतातला हे कुणाला ठाऊक नसतं. माझी पहिली वेचणी पांढरीशुभ्र आणि शेवटची फरदड पिवळी पडलेली, दोन्ही एकाच ढिगात. त्यात मोंढ्याचाच दोष नाही. घरात एकाच कोपऱ्यात ढीग लावणारी मीच.

म्हणून या हंगामात मी एक करून बघितलं. तीन वेचण्या तीन ठिकाणी ठेवल्या, गाठोड्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि डिसेंबरात तिन्ही एकाच दिवशी नेल्या. व्यापारी म्हणाला, "ताई, हे काय वाइन आहे का?" त्याला कुणी सांगितलं नव्हतं हो, मी नाशिकला गेल्याचं गावभर झालं होतं. मी म्हटलं, तीन पावत्या पाहिजेत, आणि प्रत्येकीवर भाव का कमी किंवा का जास्त ते एका शब्दात लिहून पाहिजे. अर्धा तास गेला. मागं रांग लागली, लोक ओरडायला लागले. शेवटी पावत्या दिल्या. पहिल्या वेचणीच्या सहा क्विंटलला दीडशे रुपये जास्त, दुसरीचा भाव नेहमीचा, आणि फरदडीच्या दोन क्विंटलला दोनशे कमी. म्हणजे नऊशे वाढले, चारशे गेले, हातात पाचशे आले. त्यात माझे दोन दिवस मोडले. हिशेब तुमच्यापुढं ठेवलाय, फुगवून सांगत नाही. पण एका पावतीवर "धागा चांगला" असं लिहिलंय. तीन शब्द लिहायला हवे होते, त्यानं दोनच लिहिले. पावत्या माझ्याजवळ पिशवीत आहेत, ज्यांना बघायच्या त्यांनी मागून घ्या.

ज्वारीचं मात्र मला वेगळं वाटतं. ज्वारी चाखायची रीत आपल्याकडं आधीपासूनच आहे, ती नाशिकहून आणावी लागत नाही. हुरडा म्हणजे दुसरं काय आहे? गुळभेंडीचा हुरडा गोड, सुरतीचा दाणा मऊ, हे सांगायला आपल्या म्हाताऱ्यांना पोरगी लागत नाही. आगटीत कणसं भाजायची, हातावर चोळायची, आणि बरोबर काय घ्यायचं हेही ठरलेलं: लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गुळाचा खडा. तिखटावर गोड, कोरड्यावर दही. त्या टेबलावर मला जे सहाशे रुपयांत शिकवलं ते माझ्या आजीला येत होतं. फरक एवढाच की आजीनं पाहुण्यांना फुकट खाऊ घातलं, आणि उरलेली ज्वारी मोंढ्यात नेली तेव्हा तिथे ती नुसती "ज्वारी" झाली, गुळभेंडी पण नाही आणि सुरती पण नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीनं २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवलं, म्हणजे नाव तरी कागदावर लागलं. आपल्याकडं, परभणीच्या विद्यापीठानं काढलेले परभणी मोतीसारखे वाण आपण पेरतो, भाकरीला कुठला चांगला आणि कडब्याला कुठला हे घराघरांत माहीत आहे, आणि बाजारात त्याचं नाव घेत नाही. शहराजवळचे लोक आता हुरड्याला माणशी पैसे घेतात, हे तुम्ही बघितलं असेल. काहींचा चांगला चाललाय, काही ठिकाणी हुरडा कमी आणि झोपाळे जास्त. झोपाळ्यांचा मला राग नाही. पण मुंबईचा माणूस परत गेला आणि त्यानं कुठली ज्वारी खाल्ली ते त्याला सांगता आलं नाही, तर तो पुढच्या वर्षी झोपाळाच शोधेल.

मला दिलेली वेळ संपत आलीय, अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत. एकच सांगायचं राहिलं. मांडवाच्या मागं आमच्या बायांनी सकाळपासून आगटी पेटवून ठेवलीय. तीन सुपांत तीन वाणांचा हुरडा येईल, एक माझ्या शेतातला, दोन दुसऱ्या दोन गावांतले. सुपांवर नावं नाहीत, फक्त एक, दोन, तीन असे आकडे आहेत. चटण्या वेगळ्या ठेवल्यात, आधी हुरडा नुसता खायचा, मग चटणीबरोबर. मध्ये पाणी प्या. खाऊन झाल्यावर दाराजवळ वही आहे, तिच्यात आकडा लिहायचा आणि कशासारखं लागलं तेही लिहायचं, तुमच्या शब्दांत. ज्याला लिहिता येत नाही त्यानं पोरीला सांगावं, ती लिहून घेईल. नावं संध्याकाळी पाचला उघडू.